कासव क्रमांक 03233



जानेवारी 2025 मध्ये रत्नागिरीच्या गुहागर किनाऱ्यावर एक मादी कासव अंडी घालायला आली. तिच्या पुढच्या पायाला धातूची पट्टी होती, नंबर 03233. ही पट्टी 2021 साली ओडिशात शास्त्रज्ञांनी लावलेली! म्हणजे बाई पूर्व किनाऱ्यावरून भारताला वळसा घालून इकडे आली, अंदाजे 3,500 किलोमीटर. तोपर्यंत दोन किनाऱ्यांची कासवं वेगळी असा समज होता. त्याआधी 2023 मध्ये गुहागरलाच उपग्रह-यंत्र बसवलेली 'बागेश्री' श्रीलंकेकडून बंगालच्या उपसागरात गेली होती, पण उलट बाजूने कोणी आलेलं दिसलं नव्हतं.

हीच ऑलिव्ह रिडले जात आपल्याकडे मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबागला येते. एका वेळी शंभराच्या आसपास अंडी. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त. म्हणून किनाऱ्यावरची सावली, दिवे, खुर्च्या या सगळ्याचा हिशोब शास्त्रज्ञ ठेवतात.

आता आपला संबंध. कासवाला फुफ्फुसं आहेत, श्वासाला वर यावंच लागतं. ट्रॉलचं जाळं जास्त वेळ ओढलं की ते आत बुडून मरतं. याच कारणावरून 2019 पासून अमेरिका आपली समुद्रातली कोळंबी घेत नाही. त्याची झळ दराला बसते, ती आपणच सोसतो. त्यावर उपाय म्हणजे टेड, जाळ्यात बसवायची लोखंडी गजांची चौकट. कासव गजांना अडून वरच्या झडपेतून सुटतं, कोळंबी मागे जाते. थोडी मासळीही निसटते ही तांडेलांची तक्रार खरी आहे, आम्ही ती नाकारत नाही. पण बाजार बंद राहणं त्याहून महाग पडतं, असं आमचं मत.

जाळ्यात आलेलं कासव निपचित दिसलं तरी मेलं समजून फेकू नका. पोट खाली ठेवून मागची बाजू वीतभर उंच करा, सावलीत ओल्या गोणपाटाखाली काही तास ठेवा, नाकपुड्या मोकळ्या राहू द्या. बरीच कासवं हालचाल करू लागतात. मग इंजिन न्यूट्रलला टाकून हळूच पाण्यात सोडा. पायाला पट्टी असेल तर काढू नका. नंबरचा फोटो घ्या, जागा आणि तारीख लिहा, वनखात्याला किंवा सोसायटीच्या कार्यालयात कळवा.