सुट्टी नक्की कुणाची?

मे महिना आला की ऑफिसात एकच प्रश्न: "मग, कुठे यंदा?" कुणी मनाली म्हणतं, कुणी बाली. मी म्हणते, "गावी." समोरचा लगेच विचारतो, "वॉव, गाव कुठलं?" "तापोळ्याच्या पलीकडे, कोयनेच्या पाण्यापलीकडे," असं सांगितलं की पुढचं वाक्य ठरलेलं: "लकी यार! फुकटात मिनी काश्मीर!"

मीसुद्धा स्वतःला अशीच लकी समजायचे. गेल्या मे महिन्यापर्यंत.

नऊ जण आणि एक क्रूझर

आमच्या घरच्या सुट्टीचा फंडा सिंपल आहे. पप्पा, आई, दादा-वहिनी, त्यांची दोन पोरं, आत्या, आत्याचा मुलगा आणि मी. एकूण नऊ. पहाटे चारला भाड्याची क्रूझर कोपरखैरण्याहून निघते. पोलादपूरला वडापाव, आंबेनळी घाटात एकाला तरी उलटी, महाबळेश्वरला मक्याचं कणीस. तिथून पंचवीस-एक किलोमीटर वळणावळणाने खाली उतरलं की तापोळा. गाडी तिथेच ठेवायची, सामान लाँचमध्ये टाकायचं आणि शिवसागर जलाशय ओलांडून पलीकडच्या काठावर उतरायचं. मग डोंगर चढायचा. वर नाना आणि काकी. नाना म्हणजे पप्पांचे थोरले भाऊ.

एक गैरसमज आधीच दूर करते. डोंगरात म्हणजे थंड, असं काही नसतं. महाबळेश्वर साधारण साडेतेराशे मीटरवर आहे आणि आमचं खोरं त्याच्या निम्म्या उंचीवर. मे महिन्यात दुपारी जाम उकडतं. पण सावलीतली ओसरी, नाचणीची भाकरी, फणसाची भाजी, पोरांनी गोळा केलेली करवंदं आणि मोबाईलला रेंज नाही. डेडलाईनवाल्या माणसाला आणखी काय हवं?

पप्पांसाठी तर ही सुट्टी म्हणजे वारीच. पस्तीस वर्षं त्यांनी वाशीच्या मार्केटात गोण्या वाहिल्या. आमच्या खोऱ्यातल्या जवळपास प्रत्येक घराची हीच स्टोरी आहे. जावळी, पाटण, महाबळेश्वरच्या डोंगरातली माणसं मुंबईत जाऊन माथाडी झाली. १९६९ मध्ये माथाडी कायदा आला, बोर्ड आलं, पुढे नव्या मुंबईत घरं मिळाली. म्हणून तर मी मास कॉम करू शकले. पण पप्पांच्या तोंडी मुंबईला 'घर' हा शब्द कधी येत नाही. ते म्हणतात 'खोली'. घर म्हणजे गावचं.

आणि गावच्या घरी गेलं की आम्ही सगळे लोळतो. हो, अक्षरशः लोळतो. नऊच्या नऊ.

निळं पिंप

घरामागे एक निळं प्लॅस्टिकचं पिंप आहे, दोनशे लिटरचं. रोज सकाळी आम्ही डोळे चोळत उठायचो, तेव्हा ते काठोकाठ भरलेलं असायचं. अंगणात नळही आहे. त्यामुळे पिंप कसं भरतं, हा प्रश्न आमच्यापैकी कुणाला कधी पडलाच नाही.

पहिल्या दिवशी प्रवासाची धूळ काढायला मी दोन बादल्या पाण्याने केस धुतले. दुसऱ्या दिवशी लाँचमधून उतरताना गाळात बरबटलेले स्नीकर्स धुतले. पोरांनी पिंपातलं पाणी एकमेकांवर उडवून होळी खेळली आणि मी त्याचा व्हिडिओसुद्धा काढला.

तिसऱ्या रात्री मला झोप येईना. तीनच्या सुमारास कडी वाजली. बघते तर काकी. डोक्यावर चुंबळ, त्यावर हंडा, हंड्यावर कळशी, हातात बॅटरी.

"काकी, कुठं निघालीस?"

"झऱ्यावर. तू नीज."

"आत्ता? नळ आहे की दारात."

काकी हसली. "त्यो नळ? त्याला संक्रांतीला पाणी व्हतं. शिमग्यानंतर त्यो नुसता उभा हाय, नानांवानी."

मी चपला घातल्या आणि तिच्या मागे निघाले.

एका हंड्याची किंमत

झरा दहा मिनिटं उतारावर. पावसाळ्यात तिथून धबधबा वाहतो. मे महिन्यात तिथे एक दगडी खळगा असतो आणि त्यात करंगळीएवढी धार. रात्रभर पाणी साचतं. जो आधी पोचेल त्याचा खळगा. उशिरा येणाऱ्याने धारेखाली हंडा लावायचा आणि बसून राहायचं. म्हणून तीन वाजता. काकीच्या मागोमाग आणखी तिघी आल्या. सगळ्या साठीच्या पुढच्या. त्यांच्याही घरी मुंबईचे पाहुणे होते.

खळगा रिकामा व्हायला फार वेळ लागला नाही. मग आम्ही धारेपाशी बसून राहिलो आणि मी डोक्यात हिशेब मांडला. हंडा आणि कळशी मिळून एका खेपेला वीसेक लिटर. पिंप भरायला दहा खेपा. नाना-काकी दोघंच असतात तेव्हा दिवसाला दोन-तीन खेपांत भागतं. आम्ही आलो की सकाळी दहा आणि संध्याकाळी पुन्हा. म्हणजे माझे धुतलेले केस ही एक खेप होती. स्नीकर्स ही अर्धी. पोरांची होळी ही तीन.

"काकी, सांगायचं ना आम्हाला!"

"काय सांगू? पाव्हण्याला पाणी मोजून देत्यात व्हय?" मग थोडं थांबून म्हणाली, "तू पेपरात लिहितीस न्हवं? मग त्यात लिही, मे महिन्यात गावाला हवा खायला येत्यात. पर हवेवर कुनी ऱ्हात न्हाय."

सगळ्यात विचित्र काय, तर झऱ्यावरून खाली बघितलं की चांदण्यात शिवसागर दिसतो. कोयना धरणाची साठवण क्षमता सुमारे १०५ टीएमसी. त्यातलं बरंचसं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे उतरतं, त्यावर वीज तयार होते आणि पुढे ते वाशिष्ठी नदीला जाऊन मिळतं. प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट. माझ्या कोपरखैरण्याच्या खोलीतल्या एसीला त्यातली थोडी वीज मिळत असेल, तर नवल नाही. इथे मात्र मे महिन्यात पाणी उतरत उतरत पार खाली जातं. मधे राहतो तो भेगाळलेला गाळ आणि वर उभा चढ.

आमचं मूळ गाव त्या पाण्याखाली आहे. साठच्या दशकात धरणात पाणी साठलं आणि आजी-आजोबा सामान डोक्यावर घेऊन वर चढले, तेव्हा पप्पा तान्हे होते आणि नाना सहा वर्षांचे. पाणी खूप उतरलं की जुन्या देवळाचा चौथरा दिसतो. नाना दरवर्षी तो आम्हाला लाँचमधून दाखवतात आणि आम्ही दरवर्षी फोटो काढतो. नदीकाठचं गाव डोंगरावर गेलं म्हणजे पाणी आणायला बायकांची पायपीट वाढली, हे त्या फोटोत कधी आलं नाही.

आणि पाऊस? शेजारच्या महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पडतो. पण तो चार महिन्यांत कोसळतो आणि उभ्या उतारावरून धावत सुटतो. जमिनीत मुरतं ते थोडंच. ते उन्हाळ्यापर्यंत झिरपून संपत आलेलं असतं. नेमके तेव्हाच आम्ही येतो. शाळांना सुट्टी असते ना!

माथाडी

सकाळी मी चहाच्या वेळी सगळ्यांना सांगितलं. वहिनीने पोरांच्या हातातले मग काढून घेतले. आत्या गप्प झाली, कारण तिचं लहानपण याच झऱ्यावर गेलेलं. दादा म्हणाला, "टँकर मागवू." आत्याने त्याला विचारलं, "लाँचमधनं आणशील?"

पप्पा काहीच बोलले नाहीत. संध्याकाळी काकी चुंबळ शोधायला लागली तर ती जागेवर नव्हती. हंडाही नव्हता. आम्ही बाहेर आलो. पप्पा झऱ्याच्या वाटेने वर येत होते, डोक्यावर हंडा. निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलेलं. पारावर बसलेले लोक खो खो हसत होते. आमच्याकडे पुरुष पाणी भरतो तो कावडीने नाहीतर मोटरसायकलवरून. डोक्यावर हंडा म्हणजे बाईचं काम.

"भावोजी, ठेवा ते खाली! लोक काय म्हणत्याल?" काकी धावली.

"वयनी," पप्पा धापा टाकत म्हणाले, "पस्तीस वर्सं लोकांची वझी वाहिली मी. घरचा हंडा जड हुतो व्हय?"

दुसऱ्या दिवसापासून पाळ्या लागल्या. पहाटेची पाळी दादा आणि आत्याच्या मुलाची. संध्याकाळची पप्पांची आणि माझी. आंघोळ एका बादलीत. मानेची पार वाट लागली. जिमची फी भरणाऱ्या माझ्या भावाला तिसऱ्या खेपेनंतर ओसरीवर आडवं व्हावं लागलं. काकी मात्र वैतागली होती. पहाटे तीनला तिला जाग यायचीच. मग ती चुलीपाशी बसून राहायची आणि कोण किती सांडतंय ते बघायची.

पुढे काय?

सगळं छान झालं, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालेलं नाही. मुंबईतल्या आमच्या ग्रामस्थ मंडळाच्या मीटिंगमध्ये पप्पांनी विषय काढला: यंदाच्या वर्गणीतून झऱ्यावर सिमेंटची टाकी बांधू, म्हणजे रात्रीचं पाणी वाया जाणार नाही, आणि एक पंप बसवून ते वर आणू. मंडळ म्हणालं, आधी देवळाचा सभामंडप. पप्पा आता दर मीटिंगला तोच विषय काढतात. गेल्या वेळी त्यांच्या बाजूने पाच हात वर आले होते. आधी दोनच होते.

आम्ही आमच्यापुरतं ठरवलंय. मे महिन्यात नऊ जणांनी एकदम जायचं नाही. दोघा-तिघांनी जायचं, कामाला जायचं. सगळ्यांची सुट्टी दिवाळीनंतर, जेव्हा झरा वाहता असतो. आणि वर्षातून एकदा काकीची सुट्टी आमच्याकडे.

ती नोव्हेंबरमध्ये गुडघे दाखवायला आली होती. पहिल्या पहाटे तीनला बाथरूममध्ये आवाज आला. काकी एकामागून एक बादल्या भरून ठेवत होती. आई उठून म्हणाली, "वयनी, हितं येतं पाणी. झोपा."

"दिसभर येतं?"

"येतं."

काकीने नळ बंद केला, पुन्हा सोडला, पुन्हा बंद केला. मग येऊन माझ्या शेजारी आडवी झाली. चौथ्या दिवशी ती सात वाजेपर्यंत झोपली.

तर मंडळी, या मे महिन्यात मामाच्या, काकाच्या, आत्याच्या गावी जाणार असाल तर जरूर जा. आंबे खा, फणस खा, फोटो काढा. फक्त जाण्याआधी फोन करून दोन प्रश्न विचारा: पाणी कुठून येतं? आणि ते कोण आणतं?