तीन मिलिमीटरची फट

गेल्या वर्षी मी लंडनला पुतणीकडे दीड महिना राहिले. एका सकाळी बेल वाजली. दारात पन्नाशीचा एक माणूस उभा होता. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट, खिशातून डोकावणारी बॅटरी. पुतणी म्हणाली, "काकू, दार तपासायला आलेत." मला वाटलं, कुलूपबिलूप बिघडलं असेल. पण कुलपाला काहीच झालेलं नव्हतं. हा माणूस फक्त दार बघायला आला होता आणि त्या एका दारापाशी त्याने चांगली वीस मिनिटं घालवली.

आधी त्याने दार पूर्ण उघडलं आणि सोडून दिलं. ते आपणहून फिरत आलं आणि खट्‌कन लागलं. मग अर्धं उघडून सोडलं. मग जेमतेम वीतभर. या तिसऱ्या वेळी दार चौकटीला टेकलं, पण खटका बसला नाही. त्याने मान हलवली आणि टॅबलेटवर काहीतरी टिपलं. मग खिशातून पायऱ्यापायऱ्यांची एक चपटी पट्टी काढून ती दार आणि चौकट यांच्या फटीत वरपासून खालपर्यंत सरकवत नेली. तीन मिलिमीटर, तीन, साडेतीन, आणि कुलपाच्या बाजूला खाली पाच. बिजागऱ्यांचे स्क्रू एकेक करून मोजले. खालच्या बिजागरीतला एक गायब होता. शेवटी स्टुलावर चढून त्याने दाराच्या वरच्या कडेवर आरसा धरला. तिथे एक छोटं लेबल होतं, त्याचा फोटो घेतला. ज्या घरात मी तीन आठवडे राहत होते, त्याच्या दाराला वरून लेबल आहे हे मला तेव्हा कळलं.

कुलपाच्या वर रंगाखाली एक गोल उंचवटा होता. त्याने तिथे बोटाच्या पेराने टकटक केलं. आधीच्या भाडेकरूने कधीतरी जादा कुलूप बसवलं असणार, जाताना काढून नेलं असणार आणि भोक लांबीने बुजवून वरून रंग मारला असणार. दिसायला गुळगुळीत. पण आगीत ती लांबी किती वेळ टिकणार?

मी न राहवून विचारलं, हे दार अर्धा तास आग अडवेल ना? तो म्हणाला, ते मी सांगू शकत नाही. ज्या नमुन्याने भट्टीत अर्धा तास काढला, त्याच्यासारखं हे दार अजून राहिलंय की नाही, एवढंच मी सांगू शकतो. हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. परत आल्यावर या कामाबद्दल आणि त्याच्या शिक्षणाबद्दल मिळेल ते वाचत गेले.

भट्टीची गोष्ट आधी सांगायला हवी. नव्या बनावटीचं फायर डोअर बाजारात येण्याआधी चौकट, बिजागऱ्या, कुलूप, काच असं सगळं जोडून एका मोठ्या भट्टीच्या तोंडाशी भिंतीत बसवतात. आतलं तापमान ठरलेल्या आलेखाप्रमाणे चढवतात. अर्ध्या तासाला साधारण ८४० अंश सेल्सिअस, तासाला ९४५, दोन तासांना १०५० च्या जवळ. बाहेरच्या बाजूला परीक्षक उभे असतात. कुठे फट दिसली की तिच्याजवळ कापसाची गादी धरतात. कापूस पेटला, की दार नापास. सहा मिलिमीटरची सळई फटीतून आत जाऊन पंधरा सेंटिमीटर सरकली, तरी नापास. बाहेरच्या बाजूला सलग दहा सेकंदांहून जास्त ज्वाळा राहिली, तरी नापास. जितकी मिनिटं निभावली, तितकी त्याची पत. ब्रिटनमध्ये घरांच्या दाराला बहुधा एफडी ३० लागतं, म्हणजे तीस मिनिटांचं. लाकडी असेल तर सहसा ४४ मिलिमीटर जाड.

म्हणजे पत मिळते ती एकट्या लाकडाच्या फळीला नव्हे, त्या सगळ्या जोडणीला. दाराच्या किंवा चौकटीच्या कडेत खाच पाडून एक पट्टी बसवलेली असते. एरवी ती रबरी झालरीसारखी निरुपद्रवी दिसते. तापमान दोनशे अंशांच्या आसपास गेलं की ती फुगते आणि फट बुजवते. धूर अडवायला तिच्याच जोडीला बारीक केसांचा ब्रश किंवा रबरी पाकळी असते, कारण आगीच्या सुरुवातीचा धूर तेवढा गरम नसतो आणि पट्टी फुगायच्या आत तो निसटून जातो. म्हणूनच फटीला एवढं महत्त्व. वर आणि बाजूला दोन ते चार मिलिमीटर एवढीच फट चालते. फट मोठी असली तर पट्टी फुगूनही ती भरत नाही. फट अगदीच नसली तर दार घासतं, अडतं आणि पूर्ण लागत नाही. ब्रिटनमध्ये रहिवाशांना एक सोपी युक्ती सांगतात. एक पौंडाचं नाणं जवळजवळ तीन मिलिमीटर जाड असतं, ते फटीत धरून बघा.

हे शास्त्र जुनंच आहे. पण तपासणी करणाऱ्याचा स्वतंत्र पेशा घडायला बराच काळ गेला, आणि त्याच्यामागे माणसांचे मृत्यू आहेत. ३ जुलै २००९ ला दक्षिण लंडनमधल्या लॅकनल हाउस या चौदा मजली इमारतीत आग लागून सहा जण गेले. त्यांत तीन मुलं होती. एका घरातली आग दुसऱ्या घरात जायला नको होती, ती गेली. २०१२ मध्ये ब्रिटिश वुडवर्किंग फेडरेशन ही सुतारकाम उद्योगाची संघटना आणि दारांच्या बिजागऱ्या-कुलपांच्या व्यवसायाची गिल्ड ऑफ आर्किटेक्चरल आयर्नमाँगर्स यांनी मिळून फायर डोअर इन्स्पेक्शन स्कीम सुरू केली. आधी अभ्यासक्रम पुरा करून पदविका घ्यायची, मग प्रत्यक्ष दारांसमोर उभं राहून परीक्षा द्यायची, तेव्हा कुठे निरीक्षक म्हणून मान्यता मिळते.

आणि मग १४ जून २०१७. लंडनचाच ग्रेनफेल टॉवर. चोवीस मजले, एकच जिना. चौथ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटच्या फ्रीजमध्ये रात्री एकच्या सुमाराला आग लागली, बाहेरच्या आवरणातून वर धावली आणि ७२ माणसं गेली. जगाला आठवतं ते पेटतं आवरण, आणि खरा गुन्हेगार तेच. पण न्यायमूर्ती सर मार्टिन मूर-बिक यांच्या चौकशीच्या २०१९ च्या पहिल्या अहवालात दारांबद्दलही लिहिलं आहे. काही घरांची दारं आपणहून बंद होत नव्हती, काहींचे क्लोजर, म्हणजे दार आपोआप लावणारी यंत्रं, मोडलेले किंवा काढलेले होते. पळणाऱ्या माणसांमागे दार उघडं राहिलं आणि धूर लॉबीत, तिथून जिन्यात शिरला. पोलिसांनी तिथल्या एका दाराची चाचणी करवून घेतली. तीस मिनिटं टिकायला हवं होतं, ते पंधराएक मिनिटांत हरलं.

ब्रिटनमधल्या अशा उंच इमारतींमध्ये आगीच्या वेळी 'घरातच थांबा' असा सल्ला दिलेला असतो. तो प्रत्येक घराच्या दारावर विसंबून असतो. दार लागतं, आग एका घरात कोंडली जाते, बाकीचे सुरक्षित राहतात, हे त्यामागचं गृहीत. म्हणूनच इंग्लंडमध्ये २३ जानेवारी २०२३ पासून नियम लागू झाला, की अकरा मीटरहून उंच निवासी इमारतींत सामाईक भागातली फायर डोअर्स दर तीन महिन्यांनी तपासायची आणि प्रत्येक घराचं मुख्य दार वर्षातून एकदा. पुतणीच्या दारी आलेला माणूस त्या वार्षिक फेरीवर होता.

या साध्या तपासणीला पदविका लागत नाही. इमारतीची देखभाल करणारा माणूसही थोड्या शिक्षणावर ती करू शकतो, आणि ते बरंच आहे, कारण हजारो दारांपाशी तज्ज्ञ कुठून पोचणार? दार लागतं का, फटी किती, पट्टी शाबूत आहे का, बिजागरी सैल आहे का, काच तडकली आहे का, एवढं पाहायचं. दोष सापडला की खरी विद्या सुरू होते. पाच मिलिमीटरची फट बिजागरीमागे पातळ पट्टी घालून सुधारेल, की चौकट काढावी लागेल? लांबीने भरलेलं भोक चाचणी झालेल्या साहित्याने भरून चालेल, की दारच बदलायचं? कुलूप बदललं असेल तर नवं कुलूप त्या बनावटीच्या चाचणीत होतं का? चौकट आणि भिंत यांच्यातल्या पोकळीत काय भरलंय, हेही झाकपट्टीमागे बघायला शिकवतात. तिथे साधा फोम भरलेला सापडणं ही नेहमीची गोष्ट. ब्रिटनमधल्या जुन्या दारांत ॲस्बेस्टॉसचे थर असू शकतात, त्यामुळे निरीक्षकाने शंका आली म्हणून ड्रिल चालवायचं नसतं. बघायचं, मोजायचं, टिपायचं. जे दिसत नाही त्याबद्दल खात्री द्यायची नाही.

मला या शिक्षणातली हीच गोष्ट सर्वात मोलाची वाटते. अहवालात दाराचा क्रमांक, जागा, फोटो, माप आणि दोष लिहायचा, पण पाहिलेलं आणि अंदाज केलेलं यांची गल्लत करायची नाही. 'मी सांगू शकत नाही' हे त्या माणसाने मला ज्या सहजपणे सांगितलं, तो सहजपणा कमावलेला होता. अर्धवट जाणकार तिथे 'हो, काळजी नको' म्हणून गेला असता.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे इमारतीतली अग्निसुरक्षा चालू स्थितीत ठेवणं ही मालकाची किंवा भोगवटादाराची, म्हणजे सोसायटीची जबाबदारी. परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैमध्ये प्रमाणपत्र घ्यायचं, ज्याला सगळे 'बी फॉर्म' म्हणतात. २०१६ ची राष्ट्रीय इमारत संहिता जिना आणि लिफ्टच्या लॉबीच्या तोंडाशी १२० मिनिटांची दारं सांगते, कारण तीच जागा धुराड्यासारखी काम करते. दारांसाठी भारतीय मानक आहे, आयएस ३६१४. नागपूरला १९५७ पासून राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे, जिथे देशभरचे अधिकारी शिकायला येतात. एवढं सगळं हाताशी असताना दार मात्र कागदावरची एक ओळ होऊन राहतं, हे मला खुपतं. आमच्या ठाण्याच्या सोसायटीत ऑडिट झालं तेव्हा मी मुद्दाम खाली उतरले. ऑडिटवाल्यांनी पंपाचा दाब बघितला, होज रील सोडून पाहिली, सिलिंडरवरच्या तारखा वाचल्या. सोळा मजल्यांवरच्या जिन्याच्या दारांसमोर मात्र 'ठीक' असं लिहिलं गेलं, आणि त्यासाठी कुणीही पहिल्या मजल्याच्या वर गेलं नाही.

परळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये २२ ऑगस्ट २०१८ ला बाराव्या मजल्यावर आग लागली आणि चार माणसं गेली. गोरेगावला ऑक्टोबर २०२३ मध्ये आग पार्किंगमध्ये पेटली आणि धूर वरच्या मजल्यांवरच्या माणसांपर्यंत चढला. ज्वाळा अंगाला न लागताही माणूस जातो. धुराला जिना मोकळा मिळाला, की तो चढायला वेळ लावत नाही.

त्या ऑडिटनंतर मी एका रविवारी आमचा जिना चढले. सातव्या मजल्यावरच्या दाराखाली शहाबादी फरशीचा तुकडा. नवव्यावर दाराच्या मुठीला सुतळी, रेलिंगला बांधलेली. बाराव्यावर क्लोजरचा हातच काढलेला, स्क्रूची भोकं उघडी. चौदाव्यावर दाराच्या वरच्या कोपऱ्यात खाच कापून इंटरनेटची केबल आत नेलेली. दिवाळी जवळ आली होती, म्हणून दोन मजल्यांवर दिव्यांच्या माळेची वायर दाराखालून काढली होती, आणि त्या वायरीमुळे दार चार बोटं उघडंच राहत होतं.

यात कुणाचा दुष्टपणा नाही. सातव्या मजल्यावरच्या आजी वॉकर घेऊन चालतात, त्यांना जड दार लोटवत नाही. फरशी त्यांच्या मुलाने ठेवली होती. नवव्यावर वारा येत नाही म्हणून सुतळी. दाराखाली पाचर दिसली तर नुसती काढू नये, ती का लावली हे आधी विचारावं, कारण मूळ अडचण तशीच राहिली तर पाचर दुसऱ्या दिवशी परत येते. यावर उपायही आहे. भिंतीत विजेवर चालणारं चुंबक बसवतात. ते दार उघडं धरून ठेवतं आणि अलार्म वाजला की सोडून देतं. तिथे पैसे लागतात, आणि सोसायटीच्या सभेत त्यासाठी भांडायला माणूस लागतो. ते भांडण मी घेतलंय.

सुतारकाम मात्र त्याच आठवड्यात सुरू झालं. आमच्या इमारतीची कामं करणाऱ्या सुताराला मी लंडनच्या माणसाची तऱ्हा दाखवली. पूर्ण, अर्धं, वीतभर. त्याला पटकन कळलं. क्लोजरवर दोन बारीक स्क्रू असतात, एकाने दार फिरण्याचा वेग कमीजास्त होतो, दुसऱ्याने शेवटच्या टप्प्यातला, खटका बसवणारा जोर. इतकी वर्षं तो पहिलाच फिरवत आला होता. आजींच्या दाराचा दुसरा स्क्रू त्याने पाव फेरा फिरवला, दार वीतभर उघडून सोडलं आणि कान लावून उभा राहिला. खटका बसला. मग तो तशीच मापाची पट्टी कुठे मिळेल म्हणून विचारायला लागला. मी त्याला दोन रुपयांचं नाणं दिलं आणि त्याची जाडी आधी मोजून घे म्हणून सांगितलं.

आठव्या मजल्यापर्यंत त्याचं काम झालंय. फरशीचा तुकडा वॉचमनच्या केबिनमध्ये आहे. जानेवारीत बी फॉर्मवाले येतील तेव्हा त्यांना मी पहिल्या मजल्यावर थांबू देणार नाही, सोळाव्यापर्यंत जिन्याने नेणार आहे.