'माग्मा'च्या ध्वनिमुद्रिका आणि कोबाइयन भाषा

बुद्धिपुरःसर निर्माण केलेल्या भाषांचा विचार करू लागताच अभ्यासकाचे लक्ष एस्पेरांतोकडे जाते. १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या योजनेत व्याकरण व शब्दसंग्रह आधी सिद्ध झाले, बोलणारे नंतर मिळाले. फ्रान्समधील 'माग्मा' या प्रयोगशील रॉक वाद्यवृंदाची कोबाइयन भाषा याच्या अगदी उलट वाटेने जन्मास आली. तिच्यात प्रथम स्वर आणि लय होती. अक्षरे त्यांच्यामागून आली, आणि अर्थ तर सर्वांत शेवटी, तोही अर्धामुर्धा. रॉक संगीताचा इतिहास लिहिणारे या भाषेचा उल्लेख बहुधा एक विक्षिप्तपणा म्हणून करतात. भाषाशास्त्राच्या दृष्टीने मात्र हा प्रकार एवढ्यावर सोडून देण्यासारखा नाही.

वृंदाचा संस्थापक क्रिस्त्याँ व्हांदेर हा तालवादक. त्याचा जन्म १९४८ चा. जॅझ पियानोवादक मोरिस व्हांदेर हे त्याचे दत्तक पिता. १९६७ च्या जुलैमध्ये जॉन कोल्ट्रेन या अमेरिकन सॅक्सोफोनवादकाचे निधन झाले. त्याला दैवत मानणारा हा तरुण त्या आघाताने काही काळ इटलीत भटकत राहिला. १९६९ मध्ये पॅरिसला परतल्यावर त्याने 'माग्मा'ची स्थापना केली. फ्रेंच भाषा आपल्या संगीताला पुरेशी भावक्षम नाही, आणि शब्द संगीताबरोबरच सुचतात, असे त्याचे म्हणणे होते. गायक क्लाउस ब्लास्किझ याच्या साहाय्याने ही भाषा वाढत गेली.

१९७० ची 'माग्मा' ही पहिली ध्वनिमुद्रिका दोन तबकड्यांची आहे. पृथ्वीला विटलेले काही लोक अंतराळयानाने कोबाइया नावाच्या ग्रहावर जाऊन वसतात, अशी तिची कथा. संगीत अद्याप जॅझच्या जवळचे, पितळी वाद्यांनी भरलेले. १९७१ ची '१००१ अंश सेंटिग्रेड' ही दुसरी मुद्रिका याच मार्गावर थोडी पुढे सरकते. तिच्याविषयी अधिक लिहिण्याची आवश्यकता नाही.

खरे वळण येते ते १९७३ च्या 'मेकानिक देस्त्रुक्तिव्ह कोमांदो' या मुद्रिकेत. सुमारे ३९ मिनिटांची ही रचना सात भागांची आहे. पियानो, मंद्र गिटार आणि ढोल एखादी लहानशी लयाकृती धरून बसतात, आणि स्टेला व्हांदेर व ब्लास्किझ यांच्यासह गाणारा समूह ती आवर्तनामागून आवर्तने चढवीत नेतो. ऐकणाऱ्यास कार्ल ऑर्फ आणि स्त्राविन्स्कीचे समूहगान आठवावे, असा हा प्रकार आहे. कथेत एक प्रेषित पृथ्वीवासीयांना त्यांच्या अधःपाताची जाणीव करून देतो. संतप्त जमाव प्रथम त्याच्यावर चाल करून जातो, आणि वाटचाल करता करता त्याचाच अनुयायी बनतो. श्रोत्याला यातला एकही शब्द कळत नाही. तथापि विरोधाचे शरणागतीत झालेले रूपांतर त्याला स्पष्ट जाणवते, कारण समूहाची पट्टी, गती आणि आघात बदलत जातात. कथेचा तपशील वेष्टनावरील मजकुरातून मिळतो. तिचा भाव मात्र केवळ नादातून पोहोचतो. या एका उदाहरणात वाच्यार्थ आणि स्वरभार यांची फारकत जितकी स्वच्छ दिसते, तितकी क्वचितच अन्यत्र दिसेल.

आता या मुद्रिकेचे नावच पाहावे. त्यातील तिन्ही शब्दांची फ्रेंच मुळे कोणालाही ओळखता येतात. केवळ 'क'साठी फ्रेंचला परका वाटणारा वर्ण योजून आणि स्वरांवर दोन टिंबे देऊन त्यांना परकीय पेहराव चढविला आहे. याउलट ज्या त्रिखंड रचनेचा हा तिसरा भाग, तिचे 'थ्यूझ हाम्ताक' हे नाव सर्वस्वी अपारदर्शक आहे. 'द्वेषाचा काळ' हा त्याचा अर्थ सांगितल्यावाचून कळत नाही. म्हणजे कोबाइयनचे सर्व शब्द एका जातीचे नाहीत: काही वेषांतर केलेले, काही विशेषनामे, काही ठराविक अर्थाचे, आणि कित्येक निव्वळ गाण्याच्या सोयीचे. जी दोन टिंबे फ्रेंच लिपीत दोन स्वरांचा पृथक उच्चार दाखवितात आणि जर्मन लिपीत स्वराचा गुणच बदलतात, ती येथे अनेकदा डोळ्यांसाठीच आहेत. (देवनागरीत लिहिताच ही शोभा नाहीशी होते, हे प्रस्तुत लेखाच्या वाचकाने ध्यानात ठेवावे.)

ध्वनींची निवडही अर्थपूर्ण आहे. फ्रेंचमध्ये 'ह'चा उच्चार नाही. कोबाइयन महाप्राणाने भरलेली आहे. फ्रेंच आघात पदसमूहाच्या अखेरीस पडतो. कोबाइयन पदे ढोलाच्या ठोक्याला बांधलेली असतात. थोडक्यात, फ्रेंचमध्ये जे नाही ते ते वेचून ही ध्वनिव्यवस्था उभी राहिली, असे म्हणण्यास हरकत नाही. तिच्यात जर्मन व स्लाव भाषांचा भास होतो. काळा वेष, छातीवरील चिन्ह आणि हे कठोर उच्चार यांच्या योगाने युद्धोत्तर फ्रान्समधील काही टीकाकारांना फासिस्ट संचलनाची आठवण झाली, आणि तो आरोप वृंदाला दीर्घकाळ चिकटून राहिला. आरोप न्याय्य होता की नाही, हा प्रश्न येथे गौण आहे. अर्थ नसलेल्या ध्वनींवरही ऐकणारा समाज आपला इतिहास लादतो, ही गोष्ट महत्त्वाची. कोबाइयनचा दुसरा उगम लिऑन टॉमस या कृष्णवर्णीय अमेरिकन गायकाच्या निरर्थक अक्षरांच्या गायनात आहे. तो मात्र त्या टीकाकारांच्या कानांना ऐकू आला नाही.

सामगानातील स्तोभाक्षरे परिचित असलेल्या वाचकाला निरर्थक अक्षरांचे वावडे वाटण्याचे कारण नाही. परंतु स्तोभ सार्थ ऋचेच्या आधाराने राहतात. कोबाइयनला तसा आधार नाही. रशियन भविष्यवाद्यांची १९१३ नंतरची 'झाउम' कविता तिला अधिक जवळची, तथापि ती कागदावर राहिली. आइसलंडच्या 'सिगुर रोस' या वृंदाने २००२ मध्ये केवळ दोन कंसांचे चिन्ह हेच नाव असलेली मुद्रिका काढली. तिच्यातील गीतांना नावे नाहीत आणि सोबतची पुस्तिकाही कोरी आहे. तेथे अर्थाचा दावाच सोडून दिला आहे. व्हांदेरने तो कधी सोडला नाही, आणि संपूर्ण अर्थही कधी सांगितला नाही. वेष्टनांवर पदे छापली जात, भाषांतर बहुधा नसे. रसिकांनीच पुढे शब्दसूची जमविल्या. शब्दांमागे अर्थ असल्याचा विश्वास आणि तो हाती नसल्याची जाणीव, या दोहोंमधील ताणावर ही मुद्रिकांची मालिका उभी आहे.

१९७४ ची 'कोन्तार्कोझ' अधिक मंद व गूढ आहे. १९७५ च्या जूनमध्ये पॅरिसमधील प्रत्यक्ष कार्यक्रमांत ध्वनिमुद्रित केलेल्या मुद्रिकेत एकोणीस वर्षांच्या दिदिए लॉकवुडचे व्हायोलिन ऐकावयास मिळते. नवशिक्या श्रोत्याने येथूनच आरंभ करावा. १९७६ च्या 'उदू वुदू'त जानिक तोप याच्या मंद्र गिटारीचे राज्य आहे. १९७८ च्या 'आत्ताक'मध्ये अमेरिकन सोल संगीताचा रंग चढतो, आणि १९८४ च्या सुमाराच्या 'मेर्सी'त चक्क इंग्रजी पदे येतात. ही सर्वांत दुबळी मुद्रिका होय. शब्द समजू लागताच ते किती सामान्य आहेत हेही समजते.

वृंद १९९६ मध्ये पुन्हा एकत्र आला. 'कोन्तार्कोझ'च्या कथेचा पूर्वभाग २००४ मध्ये 'के. ए.' या नावाने, आणि उत्तरभाग 'एमेन्तेत-रे' २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. मधला भाग आधी आणि बाकीचे दोन तीस-पस्तीस वर्षांनी, असा हा क्रम आहे. पैकी पूर्वभागाची रचना मात्र १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतलीच. २०२२ ची 'कार्तेल' येईपर्यंत भाषा तीच राहिली.

तिच्यातला 'झ्योल' हा शब्द एव्हाना एका संगीतप्रकाराचे नाव म्हणून फ्रेंच, इंग्रजी व जपानी समीक्षेत रुळला आहे. जपानमधील 'कोएन्जी ह्याक्केइ' हा वृंद याच वळणाच्या, पण स्वतः रचलेल्या अक्षरांत गातो. कोबाइया ग्रहाशी त्याला कर्तव्य नाही. उसनवारीच्या सर्वसाधारण व्यवहारात शब्द अर्थासह येतो आणि उच्चार बदलतो. येथे उच्चाराची धाटणीच प्रवासास निघाली, आणि अर्थ मागे राहिला.