अडलेल्या गणितांची पन्नास वर्षं

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर महाराष्ट्रात 10+2+3 चा आराखडा आला आणि अकरावी सायन्सचा वर्ग आपल्या शिक्षणातली सगळ्यात अवघड चढण ठरला. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुलं कॉलेजात येत आणि फिजिक्स, केमिस्ट्री एकदम इंग्रजीतून सुरू होई. बल, त्वरण, संयुजा हे सगळं त्यांना चांगलं येत असे. पण फळ्यापुढचे सर त्याच गोष्टींबद्दल बोलताहेत हे उमगेपर्यंत दिवाळी येई. गणित अडलं तर विचारायचं कुणाला, आणि कोणत्या भाषेत, या संकोचातच पहिली सहामाही संपायची. त्यामुळे वर्गात प्रश्न फारसे येत नसत. ते यायचे वसतिगृहात, रात्री जेवणानंतर, एखाद्या टीवायच्या मुलाच्या खोलीवर.

रयत शिक्षण संस्थेच्या साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात 1947 पासून ‘कमवा आणि शिका’ योजना होती. दिवसा काम आणि वर्ग, रात्री अभ्यास, अशी तिथल्या मुलांची रीत. पुढे राज्यभरच्या अनेक कॉलेजांतून ही योजना पसरली. या मुलांना शिकवणी परवडणं शक्यच नव्हतं. वरच्या वर्गातला मुलगा हाच त्यांचा मास्तर. त्याला स्वतःला ते गणित नुकतंच कधीतरी अडलेलं असे, त्यामुळे समोरच्याचं कुठे चुकतंय हे तो चटकन ओळखी. ही मदत मला आजही सर्वांत मोलाची वाटते.

केमिस्ट्री शिकवत असताना मी एकच चूक पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो. अ‍ॅसेटिक आम्लाचं 0.1 मोलर द्रावण, वियोजन स्थिरांक 1.8 × 10⁻⁵, पीएच काढा. मुलं हायड्रोजन आयनांची संहती 1.34 × 10⁻³ अशी बरोबर काढत. मग क्लार्क टेबल उघडत आणि लॉग लिहीत ‘बार 3 पॉइंट 1271’. इथवर सगळं ठीक. पण तो बार फक्त तीनच्या डोक्यावर असतो, दशांश चिन्हाच्या पुढचा भाग धनच राहतो. म्हणजे उणे 3 अधिक 0.1271, आणि पीएच 2.87. मुलं मात्र तो सगळाच आकडा उणे धरत आणि उत्तर लिहीत 3.13. पुस्तकामागचं उत्तर जुळलं नाही की त्यांना वाटे, आपल्याला आयनिक इक्विलिब्रियम कळलेलंच नाही. मग तो पूर्ण धडाच ऑप्शनला. खरं तर केमिस्ट्री पक्की होती, अडलं होतं लॉगटेबल. ते सांगायला कुणाला तरी त्या मुलाची वही डोळ्यांखालून घालावी लागे, नुसतं बरोबर उत्तर देऊन भागत नसे. बोर्डाच्या बारावीच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर आजही चालत नाही, लॉगटेबल चालतं. त्यामुळे ही चूक अजून जिवंत आहे.

पुस्तकांची मदतही होतीच. मॉस्कोच्या मीर प्रकाशनाची जाडजूड पुस्तकं त्या काळी अगदी किरकोळ किमतीत मिळत. इरोदोव्हचा भौतिकीच्या गणितांचा संग्रह कित्येकांनी हौसेनं घेतला आणि पहिल्या काही पानांतच अडकून ठेवून दिला, कारण त्यात मागे उत्तरं होती, क्वचित एखादी सूचना होती, रीत नव्हती. रेस्निक-हॅलिडे ग्रंथालयात असे, तेही बहुधा घरी न देण्याच्या कपाटात. सोव्हिएत संघ 1991 मध्ये विसर्जित झाला आणि मीरची पुस्तकं येणं आटलं. पुढच्याच वर्षी, 1992 मध्ये, हरीशचंद्र वर्मा यांचं ‘कन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स’ आलं. तेव्हा पाटण्याच्या सायन्स कॉलेजात शिकवणाऱ्या या प्राध्यापकानं आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोरच्या गोष्टी गणितांत आणल्या. एकटं बसून शिकणाऱ्या मुलाला या पुस्तकानं जितका हात दिला तितका क्वचितच दुसऱ्या कुणी दिला असेल.

पण तोवर मदतीचा बाजार उभा राहिला होता. 1983 साली, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. जागा वाढल्या, उमेदवार त्याहून वाढले, आणि बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सच्या गुणांवर पुढचं आयुष्य ठरू लागलं. “ग्रुपला किती?” हा प्रश्न लग्नसमारंभातही विचारला जाई. एकेका गुणासाठी गावोगावी क्लास निघाले. क्लासमध्ये गणितांचे साचे शिकवत: लिफ्ट वर जाते तेव्हा हे सूत्र, खाली येते तेव्हा ते. साच्यातलं गणित आलं की गुण मिळत. लिफ्ट वर जात असून तिचा वेग कमी होत असेल तर काय, असं विचारलं की मुलं गांगरत, कारण त्यांनी दिशा पाहिलेली असे वेगाची, आणि बघायची असते त्वरणाची.

या क्लासवाल्यांना सरसकट नावं ठेवणं मला पटत नाही. त्यांच्यात अत्यंत तळमळीनं शिकवणारे शिक्षक मी पाहिले आहेत. त्यांनी ‘डाऊट’साठी वेगळी वेळ ठेवली, तशी कॉलेजांनी ठेवली नाही. एक शंका तर दर वर्षी ठरलेली असे. उष्मागतिकीचा पहिला नियम लिहिताना फिजिक्सचे सर उष्णतेतून काम वजा करतात आणि केमिस्ट्रीच्या मॅडम मिळवतात, मग बरोबर कोण? दोघंही. सर वायूनं केलेलं काम मोजतात, मॅडम वायूवर झालेलं. दोन मिनिटांचं उत्तर आहे, पण ते द्यायला दोन्ही विषय एकाच माणसानं एका जागी बसून बोलायला हवेत. कॉलेजच्या वेळापत्रकात तशी जागाच नव्हती.

पुढे तर माणूसही उरला नाही. प्राध्यापकांच्या जागा रिक्त राहू लागल्या आणि तासिका तत्त्वावर (सीएचबी) नेमलेल्या तरुणांवर विभाग चालू लागले. हे सीएचबीवाले शिक्षक बहुतेक हुशार, नेटसेट झालेले. पण त्यांना पैसे मिळतात घेतलेल्या तासाचे. तास संपला की त्यांना दुसऱ्या कॉलेजची बस पकडायची असते. मागच्या बाकावरची मुलगी वही घेऊन पुढे येईपर्यंत सर फाटकाबाहेर. याचा मला मनापासून राग येतो, आणि तो त्या तरुणांवर नाही. शंकेला दिलेला वेळ ज्या व्यवस्थेत कुठेच मोजला जात नाही, ती शिक्षणाचं नाव लावते कशाला?

मग 2016 मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि गणित अडलं की मुलं फोटो काढू लागली. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिरक्या पानाचा फोटो, खाली ‘प्लीज सॉल्व्ह’. 2020 च्या टाळेबंदीत तर तेवढाच मार्ग उरला. उत्तरादाखल दुसरा फोटो येई, कुणाच्या तरी वहीचा. तो तसाच उतरवून घेतला जाई. विचारणाऱ्यानं स्वतः काय केलं, ते मात्र त्या फोटोत कधीच नसे.

2022 च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं. आता रात्री एक वाजताही, मराठीतूनही, कितीही वेळा विचारता येतं आणि कुणी हसत नाही. घरात पहिल्यांदाच सायन्सला गेलेल्या मुलीच्या दृष्टीनं ही लहान गोष्ट नाही. जुन्या वसतिगृहात मुलींना वरच्या वर्गातल्या मुलाच्या खोलीवर जाता येत नव्हतं, हे आम्ही जुन्या मदतीचं कौतुक करताना विसरतो. ‘वजा का, अधिक का’ याचं उत्तर यंत्र उत्तम देतं. बार 3 ची चूक मात्र तशीच राहू शकते, कारण विद्यार्थी विचारतो पूर्ण गणित, आणि त्याला मिळतं पूर्ण उत्तर. आपली पायरी त्यानं दाखवलेलीच नसते.

अलीकडे मात्र प्रॅक्टिकलला एक वेगळा प्रश्न येऊ लागला आहे. टायट्रेशनची रीडिंग्ज लिहून झाली की एखादी मुलगी मोबाइलवरचं उत्तर आणि आपली वही शेजारी ठेवते आणि म्हणते, “सर, याच्या तिसऱ्या ओळीपर्यंत माझं जुळतं. चौथी कुठून आली?” अशा मुलीजवळ स्टूल ओढून बसावं लागतं. त्या दिवशी पुढची बॅच थोडी उशिरा सुरू होते.