हस्तपुस्तिकेतील आकृत्यांचे क्रमांक व स्थान

शाळांसाठी हस्तपुस्तिका, मार्गदर्शिका व कृतिपत्रिका तयार करण्याचे काम अनेक शिक्षक-शिक्षिकांकडे येते. मजकूर परिश्रमपूर्वक लिहिला जातो, आकृत्याही काळजीपूर्वक काढल्या जातात. परंतु या दोहोंची सांगड घालण्याचे काम बहुधा शेवटच्या घटकेवर राहते. त्याचे महत्त्व किती आहे, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

कृती सांगणाऱ्या पुस्तकाचा वाचक गोष्ट वाचणाऱ्यासारखा निवांत बसलेला नसतो. त्याचे हात कामात गुंतलेले असतात आणि दृष्टी पानावरून वस्तूकडे व वस्तूवरून पुन्हा पानाकडे फिरत असते. परत आलेल्या दृष्टीला नेमके ठिकाण दाखविणे हेच क्रमांकाचे कार्य होय.

एक उदाहरण घेऊ. जुलाब झालेल्या बालकाला द्यावयाचे मीठ-साखरेचे पाणी कसे करावे, हे एका पुस्तिकेत सांगावयाचे आहे. प्रमाण असे : एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ. आकृती १ मध्ये हात धुणे, २ मध्ये पाणी, ३ मध्ये साखर व ४ मध्ये मीठ दाखविले आहे. पुढे जागेअभावी पहिली आकृती गाळली आणि उरलेल्यांना १ ते ३ असे नवे क्रमांक दिले. मजकूर मात्र तसाच राहिला, असे समजा. आता ‘आकृती ३ मधील पदार्थ सहा चमचे घ्यावा’ हे वाक्य साखरेऐवजी मिठाकडे बोट दाखविते! साखर व मीठ दोन्ही पांढरी. आकृतीवरून भेद कळत नाही. एवढे मीठ बालकाच्या जिवावर बेतू शकते. चूक केवळ एका अंकाची. परंतु तिची किंमत केवढी मोठी!

चित्र व शब्द अंकाने जोडण्याची रीत जुनी आहे. खाणकामावरील अॅग्रिकोला यांचा ग्रंथ १५५६ मध्ये बाझेल येथे निघाला. त्यातील यंत्रांच्या भागांवर अक्षरे घालून त्यांचा खुलासा चित्रासोबतच दिला आहे. थोर शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस यांनी १६५८ मध्ये न्यूरेंबर्ग येथे प्रसिद्ध झालेल्या आपल्या सचित्र बालपुस्तकात चित्रांतील वस्तूंना अंक दिले आणि तेच अंक लॅटिन व जर्मन मजकुरात त्या त्या शब्दापाशी छापले. या दोन्ही ग्रंथांतील चित्रे लाकडी ठशांची होती. असा ठसा अक्षरांच्या खिळ्यांसह एकाच पानात बसविता येतो. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्रांना मात्र निराळे छापयंत्र लागे, म्हणून ती सहसा स्वतंत्र पानांवर येत. दिदरो यांच्या फ्रेंच विश्वकोशात मजकुराचे १७ खंड व चित्रफलकांचे ११ खंड निराळे आहेत. तेथे क्रमांक हा दोहोंमधील दुवा होता. आज संगणकावर पान जुळविताना ती अडचण उरलेली नाही. सबब चित्र मजकुरापासून दूर ठेवण्यास सबळ कारणही उरलेले नाही.

पुस्तिका तयार करताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. मजकुरात ज्या क्रमाने प्रथम उल्लेख येतो, त्याच क्रमाने आकृत्यांना क्रमांक द्यावेत. पुस्तिका मोठी असल्यास प्रकरणवार क्रमांक सोईचे पडतात. जसे, ‘आकृती ३.२’ म्हणजे तिसऱ्या प्रकरणातील दुसरी आकृती. यामुळे एखादी आकृती गाळल्यास फेरफार त्या प्रकरणापुरताच करावा लागतो.

२. आधी उल्लेख, मग आकृती. ती त्याच पानावर किंवा समोरच्या पानावर यावी. पान उलटावे लागू नये.

३. ‘वरील चित्र’, ‘बाजूचे चित्र’ असे लिहू नये. पानांची जुळणी बदलली की ‘वरील’ चित्र खाली जाते. क्रमांकच लिहावा.

४. क्रमांकासोबत वस्तूचे नावही वाक्यात व आकृतीखालील ओळीत द्यावे. ‘सहा सपाट चमचे साखर (आकृती ३)’ असे लिहिले असते, तर वर सांगितलेला अनर्थ टळला असता.

५. एका भागाला एका आकृतीत ‘क’ म्हटले, तर पुढील सर्व आकृत्यांत तो ‘क’च राहावा.

६. छपाईपूर्वी एकाने मजकुरातील प्रत्येक उल्लेख मोठ्याने वाचावा व दुसऱ्याने त्या आकृतीवर बोट ठेवावे. संगणक क्रमांक आपोआप देऊ शकतो; तथापि त्या क्रमांकाखाली योग्य तेच चित्र आहे की नाही, हे माणसानेच पाहावयाचे असते.

शेवटी, तयार पुस्तिका तिच्या रचनेत भाग न घेतलेल्या एखाद्या सहकाऱ्याच्या हाती द्यावी आणि काही न सांगता त्यांना कृती करू द्यावी. त्यांचा हात जेथे थबकेल, तेथेच आकृतीचा क्रमांक, स्थान किंवा नाव यांपैकी काहीतरी दुरुस्त करावयाचे आहे, असे खुशाल समजावे. पुस्तिका दूरच्या वाडीवस्तीवर पोहोचते, तेव्हा शंका विचारावयास तेथे लेखक नसतो. त्याच्या वतीने ही आकृती व तिचा क्रमांक यांनाच उत्तर द्यावे लागते.