पानाचा पत्ता यंत्रावर सोपवू नका

‘महाराष्ट्र विधानसभा निवडणूक 2024’ असा मथळा देऊन वर्डप्रेसवर लेख चढवला, की त्या पानाचा पत्ता, म्हणजे यूआरएल, सॉफ्टवेअर आपणहून बनवून देते. मथळ्यातले शब्द उचलायचे आणि मधल्या मोकळ्या जागी हायफन घालायचे, एवढेच त्याचे काम. तेवढ्यातही मराठीची वाट लागते. हाती येणारे नाव ‘महाराष्ट्र-विधानसभा-निवड’ इथेच तुटते. ‘णूक’ गेली, साल गेले, आणि निवडणुकीची नुसती निवड उरली. त्याच साच्याचा 2019 चा लेख संकेतस्थळावर आधीपासून असेल, तर त्याचेही नाव हेच. मग यंत्र नव्या लेखाच्या शेवटी ‘-2’ चिकटवते आणि तेवढी जागा करायला आणखी एक अक्षर कापते. सुदैवाने लेख शाबूत राहतो, पण पत्ता पाहून तो कोणत्या निवडणुकीचा हे कुणालाच कळत नाही.

हे का होते, ते समजायला सोपे आहे. वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये पानाच्या नावासाठी 200 चिन्हांचा कप्पा आहे. इंग्रजी मथळ्याला तो पुरून उरतो. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह मात्र संगणकात तीन बाइट जागा घेते, आणि पत्त्यात लिहिताना प्रत्येक बाइटचे टक्क्याचे चिन्ह व त्यापुढे दोन अंक-अक्षरे असे रूपांतर होते. म्हणजे एका चिन्हाला नऊ घरे. काना, वेलांटी, हलन्त हीसुद्धा स्वतंत्र चिन्हेच. त्यामुळे ‘महाराष्ट्र’ या एका शब्दात दहा चिन्हे भरतात आणि तो एकटाच 90 घरे अडवतो. ‘विधानसभा’ 72 घरे घेते. दोन हायफन धरले, की ‘निवडणूक’साठी उरतात 36, म्हणजे नेमकी चार चिन्हे. हिशेब असा चोख आहे. सलग देवनागरी धरली, तर या कप्प्यात 22 चिन्हांपलीकडे काही मावत नाही, आणि मराठी मथळा सहसा त्याहून लांबच असतो.

इतर सॉफ्टवेअरकडे गेल्यास सुटका होईल, असेही नाही. जँगो ही वेबसाइट बांधण्याची प्रणाली अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या एका वृत्तपत्राच्या कार्यालयात जन्मली आणि 2005 मध्ये सर्वांसाठी खुली झाली. मथळ्यावरून पत्ता काढणारे तिच्यातले तयार साधन मूळ मांडणीत इंग्रजीबाहेरची अक्षरे सरळ गाळते. मराठी मथळ्यातून काहीच उरत नाही. फार तर त्यातले ‘2024’ उरते. युनिकोड चालू करण्याची सोय आहे, पण ती वापरली तर मुळाक्षरे राहतात आणि काना-मात्रा, उकार, वेलांट्या, हलन्त गळून पडतात, कारण साधनामागची पायथन भाषा त्यांना अक्षर मानतच नाही. मग ‘पुणे’, ‘पाणी’ आणि ‘पेण’ या तिघांचेही ‘पण’ होते! तिसरा मार्ग आपोआप रोमन लिपी करणाऱ्या साधनांचा. त्यातले एक प्रचलित साधन व्यंजनातला ‘अ’ लिहीत नाही, त्यामुळे ‘कमळ’सारख्या शब्दाचे स्वरहीन कडबोळे बनते.

म्हणजे दोष देवनागरीचाच, असा निष्कर्ष कुणी काढेल. तो चुकीचा आहे, आणि त्याचा पुरावा मराठी विकिपीडिया देतो. 1 मे 2003 रोजी सुरू झालेल्या या ज्ञानकोशाची पाने देवनागरी पत्त्यांवरच उभी आहेत. त्याचे सॉफ्टवेअर शीर्षक टक्क्यांच्या वेषात न साठवता मूळ बाइटमध्ये साठवते. तिथली मर्यादा 255 बाइटची आहे, म्हणजे 85 चिन्हांची. लिपी तीच, पण जागा जवळजवळ चौपट. दुसरे म्हणजे विकिपीडियावर शीर्षक माणूस ठरवतो, ते लहान असते, आणि त्यावर रीतसर चर्चा होते. माझ्या मते खरी मेख इथेच आहे. बातमीचा मथळा वाचकाला खेचण्यासाठी लिहिलेला असतो. त्यात उद्गारचिन्हे येतात, कोट्या येतात, संध्याकाळपर्यंत तो दोनदा बदलतो. पत्त्याचे काम वेगळे आहे. पान कशाबद्दल आहे हे त्याने थोडक्यात सांगायचे आणि पुढची वीस वर्षे तसेच राहायचे. एकातून दुसरा यंत्राने काढायचा, ही पद्धतच चुकीची आहे. पत्ता निवडणे हे संपादनाचे काम आहे.

यावर एक आक्षेप जोरदार आहे. हा सारा खटाटोप गूगलसाठी चालतो, आणि गूगलची स्वतःची मार्गदर्शिकाच सांगते की पत्त्यातल्या शब्दांचा क्रमवारीवर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. हे खरे आहे. ‘पत्त्यात शब्द कोंबा, पहिल्या पानावर या’ असे सांगणाऱ्या सल्लागारांना पैसे देण्याआधी ते वाक्य वाचावे. पण तेच गूगल पत्त्यात वाचकाच्या भाषेतले अर्थपूर्ण शब्द वापरा आणि ते अंडरस्कोरऐवजी हायफनने वेगळे करा, असेही सुचवते. शोधयंत्र पानातला मजकूर वाचून विषय ओळखते. पत्त्यावरून अंदाज बांधतो तो माणूस: व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक आलेला वाचक, संदर्भ टिपणारा विद्यार्थी, जुनी यादी चाळणारा संपादक. देवनागरी पत्ता ब्राउझरच्या पट्टीत नीटस दिसतो, पण तिथून उचलून संदेशात टाकला, की बहुधा टक्क्यांच्या चिन्हांची चार ओळींची जंत्री उतरते. अनोळखी लिंक उघडू नका, असे बँका रोज बजावत असताना त्या जंत्रीवर कोण बोट ठेवील?

मग शब्द हवेत कशाला, नुसता क्रमांक द्या, असे तंत्रज्ञ म्हणतात. क्रमांक कधी तुटत नाही, पण तो वाचकाला काही सांगतही नाही. रोज शेकडो बातम्या देणाऱ्या दैनिकाने दोन्ही एकत्र ठेवावेत. स्टॅक ओव्हरफ्लो या संकेतस्थळावर तसेच आहे: पान ओळखले जाते क्रमांकावरून, शब्द असतात माणसासाठी, आणि शब्द चुकले तरी पान उघडते.

राहिला लिपीचा प्रश्न. रोमन पत्ता म्हणजे मराठीशी द्रोह, असे मानणारे आहेत, आणि त्यांचा राग समजण्यासारखा आहे. 2014 पासून ‘.भारत’ हे देवनागरी डोमेनही मिळते. तरी कप्पा 22 चिन्हांचाच असेल, तर तुटक्या देवनागरीपेक्षा धड रोमन बरे, असे माझे मत आहे. अट एकच: ते माणसाने लिहावे. ‘ज्ञ’ तीन तऱ्हांनी लिहिला जातो, ‘ण’ आणि ‘न’, ‘ळ’ आणि ‘ल’ एकच होतात. म्हणून प्रत्येक संपादकीय विभागाने नेहमीच्या नावांची एक पानभर यादी करून तीच रूपे वापरावीत. पान दोन लहान शब्दांत ओळखता येत असेल, तर मात्र देवनागरीच ठेवावी.

एवढा वेळ कुणाकडे आहे, हा शेवटचा आक्षेप. मथळ्यावर दहा मिनिटे घालवणाऱ्याला पत्त्याच्या चार शब्दांसाठी अर्धे मिनिट जड नाही. विसरभोळेपणाची किंमत मात्र मोठी पडते. 2013 मध्ये असलेल्या वेबपानांपैकी 38 टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती, असे प्यू रिसर्च सेंटरने 2024 मध्ये दाखवले. पाने नाहीशी होण्याला कारणे अनेक असतात, पण पत्ता बदलून जुना वाऱ्यावर सोडणे हे त्यांतले सहज टाळता येण्याजोगे कारण आहे. वेबचा जनक टिम बर्नर्स-ली याने 1998 मध्येच पत्ते बदलू नका असे बजावून ठेवले होते. तेव्हा संपादकांनो, लेख प्रसिद्ध करण्याआधी मथळ्याइतकीच पत्त्याची चौकटही तपासा. बदल करायचा तो त्याच वेळी करा. नंतर करावाच लागला, तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचे वळण ठेवा. एखाद्या लेखाचे नाव बदलले तर वर्डप्रेस हे काम आपणहून करते. संपूर्ण संकेतस्थळ दुसऱ्या सॉफ्टवेअरवर हलवताना ते कुणीतरी आठवणीने करावे लागते.