सापेक्ष आणि निरपेक्ष यांच्या मध्ये : प्रेमभंगाच्या 'इंडी फोक' गीतांची आस्वाद्यता

१

दुःखद प्रसंगाचे चित्रण पाहताना वा ऐकताना रसिकाला आनंद का व्हावा, हा साहित्यशास्त्रातील जुना प्रश्न आहे. मराठी समीक्षेने तो विशेष आस्थेने चर्चिला. न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोदे येथील साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून मांडलेली 'सविकल्प समाधी'ची कल्पना आणि के. ना. वाटवे यांचा 'रसविमर्श' (१९४२) हे या चर्चेतील महत्त्वाचे टप्पे होत. ही चर्चा प्रायः नाटक आणि काव्य यांच्या अनुषंगाने झाली. प्रस्तुत लेखात तोच प्रश्न इंग्रजीतील 'इंडी फोक' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गीतप्रकाराच्या, आणि त्यातही प्रेमभंगाच्या गीतांच्या, संदर्भात विचारावयाचा आहे. मराठी तरुणांपैकीही अनेक जण ही गीते आवडीने ऐकतात. त्यांची 'रडगाणी' म्हणून संभावना करणे सोपे आहे; परंतु तसे केल्याने त्यांच्या आकर्षणाचा उलगडा होत नाही. तो आपल्या रसविचाराच्या परिभाषेत होऊ शकतो काय, आणि होत असल्यास त्या परिभाषेला कोणती भर घालावी लागते, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम संज्ञेविषयी. 'इंडी' हे 'स्वतंत्र' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे लघुरूप असून मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांबाहेर घडलेल्या संगीताचा त्यातून बोध होतो. 'फोक' या शब्दाने मात्र मराठी वाचकाची दिशाभूल होण्याचा संभव आहे. आपल्याकडील ओवी वा भलरी ज्या अर्थाने लोकगीत आहे, त्या अर्थाने ही लोकगीते नव्हेत. त्यांना निश्चित कर्ता असतो, आणि तो बहुधा स्वतःच्याच नावाने गातो. लोकसंगीताकडून त्यांनी घेतली आहे ती साधी गिटार, मोजकी वाद्ययोजना आणि शब्दांना दिलेले प्राधान्य. निक ड्रेक (१९४८–१९७४) या इंग्रज गायकाचा 'पिंक मून' (१९७२) हा संग्रह जवळजवळ केवळ कंठ आणि गिटार यांवर उभा आहे. त्याच्या हयातीत त्याच्या ध्वनिमुद्रिकांचा खप अल्पच होता. पुढच्या पिढ्यांनी मात्र त्याला पूर्वसूरी मानले. एलियट स्मिथ (१९६९–२००३) या अमेरिकन गायकाने कुजबुजीसारखा आवाज दुहेरी मुद्रित करण्याची रीत रूढ केली. या परंपरेतील एक प्रातिनिधिक कृती म्हणून 'बॉन इव्हेर' या नावाने जस्टिन व्हर्नन यांनी सादर केलेला 'फॉर एम्मा, फॉरएव्हर अगो' हा संग्रह येथे विवेचनासाठी घेतला आहे. पूर्वीचा वाद्यवृंद दुभंगलेला, प्रेमसंबंध संपलेला आणि प्रकृती ढासळलेली अशा अवस्थेत व्हर्नन २००६–०७ च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिन राज्यातील आपल्या वडिलांच्या शिकारीच्या लाकडी घरात जाऊन राहिले. तेथे मुख्यतः एकट्याने मुद्रित केलेली ही ९ गीते २००७ मध्ये त्यांनी स्वतःच प्रसृत केली, आणि २००८ मध्ये एका छोट्या कंपनीमार्फत ती सर्वदूर पोहोचली.

३

या गीतांचा रस कोणता? भरताने करुण आणि विप्रलंभ यांतील भेद नेमका सांगितला आहे. करुण हा निरपेक्ष आहे, कारण तेथे पुनर्भेटीची आशा उरलेली नसते. विप्रलंभ हा सापेक्ष आहे, कारण तेथे औत्सुक्य आणि चिंता असली तरी मीलनाची अपेक्षा जिवंत असते. म्हणूनच विप्रलंभ हा शृंगाराचाच प्रकार ठरतो. मम्मटाने त्याचे अभिलाष, विरह, ईर्ष्या, प्रवास आणि शाप असे पाच हेतू मानले. विश्वनाथाने पूर्वराग, मान, प्रवास आणि करुण असे चार भेद केले. मराठीतील विरहकाव्य या चौकटीत बहुतांशी सहज बसते. पती मोहिमेवर गेल्यामुळे झुरणाऱ्या स्त्रीची लावणी हा प्रवासविप्रलंभच होय. ज्ञानेश्वरांच्या विराणीतील विरहिणी ज्याची वाट पाहते तो परमात्मा असल्याने तेथील अपेक्षा तर कधीच विझत नाही.

या सर्व याद्यांत एक अवस्था मात्र आढळत नाही. दोघेही जिवंत आहेत, ना शाप आहे ना प्रवास, तरीही संबंध संपला आहे, ही ती अवस्था. प्राचीन शास्त्रकारांच्या दृष्टीने नायक-नायिकांचे नाते तत्त्वतः अतूट असल्याने तिची स्वतंत्र गणना करण्याचे त्यांना प्रयोजन पडले नसावे. 'प्रेमभंग' ही कल्पना आपल्या काव्यात ठळक झाली ती आधुनिक काळात. गोविंदाग्रजांची प्रेमकविता आणि माधव जूलियन यांचे 'विरहतरंग' (१९२६) हे खंडकाव्य यांत तिची चाहूल स्पष्ट आहे. येथे मृत्यू नसल्यामुळे दुःख पूर्णतः निरपेक्ष होत नाही, आणि मीलनाचा मार्ग बंद झाल्यामुळे ते सापेक्षही राहत नाही. इंडी फोकमधील प्रेमभंगाच्या गीतांचे क्षेत्र हेच आहे.

४

उपरोक्त संग्रहातील 'स्किनी लव्ह' या गीताचे शीर्षकच पाहावे. त्यात कल्पिलेले प्रेम हडकुळे आहे. ते मेलेले नाही, परंतु त्याला पोषणही मिळालेले नाही. निवेदक त्या प्रेमाची विनवणी करतो, आणि लगेच त्याच आवाजात प्रेयसीला बोलही लावतो. शास्त्राच्या भाषेत बोलायचे तर दैन्य आणि अमर्ष हे संचारी भाव एकमेकांना ढकलीत राहतात. शेवटचे 'रे : स्टॅक्स' हे गीत याहून उद्बोधक आहे. त्यात निवेदक आपण नवा माणूस झाल्याचा दावा करीत नाही. काहीतरी सुटले, ओझे हलके झाले, एवढेच तो नोंदवितो. आणि जिच्यापासून तो दुरावला आहे तिचे प्रेम आपल्यापाशी सुरक्षित राहील, असे सांगून थांबतो. येथे परतीची याचना नाही, तसेच नकारही नाही. रती हा स्थायी भाव नष्ट झालेला नाही; अपेक्षा गळून पडल्यावर तो जतनाच्या रूपाने उरला आहे. या तिसऱ्या अवस्थेला 'जतनभाव' म्हणावे, असे सुचवावेसे वाटते. या गीतांचे आकर्षण मुख्यतः दुःखाच्या तीव्रतेत नसून प्रेम संपल्यावरही प्रेम केल्याचे मूल्य संपत नाही, या प्रत्ययात आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

५

हा प्रत्यय केवळ शब्दार्थातून येत नाही. व्हर्नन यांनी अनेक ठिकाणी आधी निरर्थक स्वरोच्चार मुद्रित केले आणि मागाहून त्या ध्वनींना अनुरूप शब्द बसविले. परिणामतः गीतांचा वाच्यार्थ पुष्कळदा धूसर राहतो, परंतु भाववृत्ती निश्चित असते. ग्रेस यांच्या कवितेच्या वाचकाला हा अनुभव अपरिचित नाही. दुसरे वैशिष्ट्य आवाजाचे. व्हर्नन उंच, कृत्रिम पट्टीत गातात आणि आपल्याच आवाजाचे अनेक थर एकमेकांवर चढवितात. लावणीत वा पोवाड्यात मुख्य गायकाला झीलकऱ्यांची साथ असते. येथे एकटा माणूस स्वतःच स्वतःचा झीलकरी होतो. त्यामुळे एकाकीपण ऐकू येते, पण ते अगदी निराधार वाटत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. आलंबनविभाव धूसर असला, की श्रोता त्या रिकाम्या जागी स्वतःची प्रेयसी वा प्रियकर कल्पितो. अभिनवगुप्ताने तर रसिकाने स्वतःच्याच सुखदुःखात बुडून जाणे हे रसविघ्नांमध्ये गणले आहे. मग याला रसास्वाद म्हणावे, की केवळ स्वतःची आठवण उगाळणे? हा आक्षेप निराधार नाही. टारुफी आणि कोएल्श यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ७७२ व्यक्तींच्या पाहणीत दुःखी संगीताने सर्वाधिक वेळा जागविलेली भावना दुःख नसून गतकाळाची हुरहूर ही असल्याचे आढळले. म्हणजे स्वतःच्या स्मृतीचा प्रवेश येथे अपवादात्मक नाही, हे मान्य करावे लागते.

तथापि केळकरांची उपपत्ती येथे साहाय्यक ठरते. सविकल्प समाधीत रसिक दुसऱ्याशी तादात्म्य पावतो, पण स्वतःची भूमिका सोडीत नाही. या दुहेरी अवस्थेतूनच त्याला आनंद होतो. प्रेमभंगाच्या गीतात श्रोत्याचे दुःख आधी जागे होते हे खरे. परंतु ते आता परक्या कंठातून, परक्या प्रदेशातील बर्फाच्या पार्श्वभूमीवर, ठराविक लयीत ऐकू येते. स्वतःचे दुःख दुसऱ्याचे म्हणून ऐकता येणे, हीच त्याची सुटका होय. अभिनवगुप्ताच्या मते रसिकाचे वैयक्तिक संदर्भ गळून पडावे लागतात; येथे ते गळत नाहीत, सैल होतात.

यातून मूल्यमापनाची एक कसोटीही हाती येते. जे गीत श्रोत्याला त्याच्या तक्रारीकडे जसेच्या तसे परत पाठविते, ज्यात समोरची व्यक्ती केवळ अपराधी असते, ते गीत कितीही आर्त असले तरी आत्मानुकंपेच्या पलीकडे जात नाही. जे गीत निवेदकाचा वाटाही दाखविते आणि अखेरीस दुरावलेल्या व्यक्तीविषयीचा आदर राखते, ते आस्वाद्य होते. या प्रकारातील सर्वच गीते या कसोटीला उतरतील असे नाही; किंबहुना पुष्कळशी उतरत नाहीत.

६

सारांश, या गीतांच्या आस्वादाचा उलगडा करण्यास आपली रसपरिभाषा असमर्थ नाही. मात्र करुण आणि विप्रलंभ यांच्या सीमारेषेवरील एका अवस्थेची दखल तिला घ्यावी लागेल. ही गरज परक्या गीतांपुरती मर्यादित नाही. मराठी भावगीत, गझल आणि आजची तरुण कविता यांतील प्रेमभंगाचे पुष्कळसे लेखन आपण 'विरह' या एकाच सदराखाली वाचत आलो आहोत. जेथे वाट पाहणे आहे आणि जेथे वाट पाहणे संपूनही जतन उरले आहे, अशा दोन प्रकारच्या रचना वेगळ्या काढून वाचल्यास त्या कवितेचेही अधिक न्याय्य आकलन होईल.